मी घासलेलं मडकं

कृषी प्रदर्शन लागलं की माझा पाय घरात ठरत नाही. शेती माझ्या नावावर गुंठाभरही नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण म्हणून नोकरी केली, यवतमाळात दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला, आणि माझ्या एकूण शेतीत कढीपत्त्याची एक कुंडी येते. तीसुद्धा दर उन्हाळ्यात मरणाला टेकते. तरी थंडी सुरू झाली आणि शहरातल्या मोठ्या मैदानावर बांबू-कापडाचे ट्रक रिकामे व्हायला लागले, की मी ऑटोवाल्याला मुद्दाम त्या रस्त्याने घ्यायला लावते. मांडव कुठवर आला, कमान लागली का, जनावरांचा गोठा यंदा कोणत्या बाजूला, हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

माझं फिरणंही ठरलेलं असतं. आधी यंत्रं. नव्या ट्रॅक्टरवर चढून बसायला मला आवडतं, आणि विकणाऱ्या पोरांना वाटतं बाई घेणारच. मग ठिबकचा तो नमुना, ज्याच्यातून पाणी पिकावर कमी आणि बघणाऱ्यांच्या चपलांवर जास्त पडतं. मग बियाणं, मग खतं. तिथे मी थांबत नाही, वास सहन होत नाही. मग जनावरं. शिंगं रंगवलेले बैल, त्यांच्याहून जास्त नटलेले त्यांचे मालक. आणि सगळ्यात शेवटी, पोटात जागा करून, बचत गटांचे आणि खाण्याचे स्टॉल. कोलाम आदिवासी बायांचे मोहफुलांचे लाडू, जवसाची चटणी, अंबाडीचं सरबत, कोथिंबिरीची सांभारवडी. लोणच्याच्या प्रत्येक स्टॉलवर मी चव घेते आणि "फिरून येते हं" म्हणते. या बाबतीत मला अजिबात लाज नाही.

आईही येते. ती बोरी अरबला भावाकडे असते. प्रदर्शनाचा बोर्ड दारव्हा रोडला लागला की भाऊ फोन करतो, आणि ती दुसऱ्या दिवशी एसटीने दाखल. आम्ही दोघी सोबत फिरतो, पण बघतो वेगवेगळं. मी फलक वाचते, माहितीपत्रकं गोळा करते, घरी नेऊन एकही वाचत नाही. आई वाचायच्या भानगडीत पडत नाही. ती तुरीचा दाणा दाताखाली धरते, कापसाचं बोंड बोटांत ओढून धागा बघते, म्हशीच्या पाठीवर हात फिरवते, आणि मालकासमोरच निकाल देते. "दूध पातळ असन हिचं," असं ती एका मुऱ्हा म्हशीच्या मालकाला म्हणाली होती. तो माणूस आमच्याकडे बघतच राहिला. मी तिला ओढून पुढे नेलं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. खाण्याच्या रांगेत एका हॉटेलाने मांड्यांचा स्टॉल लावला होता. पुण्याकडच्या लोकांना मांडे म्हटलं की गोड पुरण आठवतं, पण आमचे मांडे गोड नसतात. गव्हाचं पीठ वस्त्रगाळ करायचं, मिठाच्या पाण्यात सैल भिजवायचं, मग पाणी देत देत इतकं आपटायचं की त्याला तार सुटते. त्याचा गोळा या हातावरून त्या हातावर झेलत लांबवायचा, कोपरापर्यंत ओढायचा, आणि चुलीवर उलट्या ठेवलेल्या मडक्याच्या पाठीवर टाकायचा. दोन श्वासांत मांडा भाजून निघतो, हातरुमालासारखी घडी करायची. सोबत वांग्याची भाजी नाहीतर झणझणीत रस्सा. आमच्या वस्तीतलं लग्न मांड्यांशिवाय लागलंय असं मला आठवत नाही.

त्या हॉटेलातला आचारी चाळिशीतला होता, डोक्यावर पांढरी टोपी, आणि त्याचे मांडे मध्येच फाटत होते. आई समोर उभी राहिली. एक फाटला. दुसरा फाटला. तिसऱ्याला तिच्यानं राहवलं नाही.

"पाणी कमी पडलं, बाप्पा," ती म्हणाली. "पीठ अजून उपाशी हाय."

आचारी हसला, पण ऐकलं नाही. आई तिथून हलेना. तिचे हात तिच्याही नकळत पदराखाली वरखाली व्हायला लागले होते, ते मी बघितलं.

कारण माझी आई मांडे करणारी होती. करणारी म्हणजे नावाजलेली. दारव्हा, दिग्रस, नेर, कुठे कुठे लग्न असलं की आदल्या दिवशी तिला न्यायला माणूस यायचा. ती आपलं मडकं घेऊन जायची, मांडवामागे चूल मांडायची, आणि हजार माणसांचे मांडे टाकून धुराने लाल झालेले डोळे घेऊन घरी यायची. मग हळूहळू मंगल कार्यालयं आली, कॅटरर आले, तंदूर आले. तिला न्यायला माणूस येणं थांबलं. ती त्याबद्दल कधी काही बोलली नाही. मडकं मात्र तिनं चुलीमागे फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं, आणि घरात कोणालाही ते हलवायची परवानगी नव्हती.

प्रदर्शनातून परत येताना ऑटोत ती म्हणाली, "त्या टोपीवाल्याले काय, कोणी शिकोलंच नाई."

मी तेवढ्यावर उचल खाल्ली. वहिनी, म्हणजे भावाची बायको, गावातल्या बचत गटात आहे. पुढच्या वर्षी गटाच्या नावाने मांड्यांचा स्टॉल घ्यायचा, आई मांडे टाकणार, वहिनी भाजी करणार, मी बाकीचं बघणार, असं मी परस्पर ठरवून टाकलं. अर्ज केले, फोन केले, खेटे घातले. आईला शेवटी सांगितलं. तिचं वय सत्तरीच्या पुढे, गुडघे दुखतात, आणि आयुष्यभर तिनं मांडवाच्या मागेच मांडे केले होते. जेवणाऱ्यांनी मांडे पाहिले, करणारी कोणी पाहिली नाही.

"एक डाव बसतो," ती म्हणाली. आमच्याकडे बायाही 'बसतो' म्हणतात. "जमलं त जमलं. नाई जमलं त पुन्हा मले लोकायपुढे बसवू नको. मंग मडकं मी फोडून टाकतो."

ती चेष्टा करत नव्हती. भावाने पुढे मला सांगितलं की तिनं महिनाभर सराव केला. रोज पीठ कोण वाया घालवणार, म्हणून ती ओला टॉवेल घ्यायची, या हातावरून त्या हातावर झेलायची, कोपरापर्यंत ओढायची आणि अंगणातल्या उलट्या बादलीवर टाकायची. शेजारपाजारचे बघायला यायचे. टॉवेल कधी जमिनीवर पडला तर ती इकडेतिकडे बघून तो परत पिळायची आणि पहिल्यापासून सुरू करायची.

प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी ती आणि वहिनी एसटीने आल्या. मडकं गोधडीत बांधून आईच्या मांडीवर. घरात आल्यावर तिनं गाठ सोडली आणि मडकं माझ्या ओट्यावर ठेवलं.

मी ते कितीतरी वर्षांनी उजेडात पाहत होते. काळं म्हणजे किती काळं. धुराचे, तेलाचे, पिठाचे थर बसून बसून त्याची पाठ तुळतुळीत झाली होती, आणि कडेला काजळीच्या खपल्या. माझ्या पांढऱ्या फरशीवर त्याचं काळं कडं उमटलं. मी मनात म्हटलं, हे उद्या लोकांसमोर ठेवायचं?

इथे मला माझ्या घराबद्दल थोडं सांगायला हवं. आजोबांनी धम्म घेतला तेव्हा आमच्या घरातले देव गेले आणि त्यांच्या जागी स्वच्छता आली, असं मी नेहमी गमतीने म्हणते. पण ती फारशी गंमत नाही. बाबा रोज सकाळी आम्हा भावंडांना दारात उभं करून नखं, दात, कॉलर तपासायचे. कोणाला बोलायला जागा मिळता कामा नये, हा त्यांचा हट्ट. मी मास्तरीण झाले आणि तीच तपासणी दर सोमवारी वर्गात सुरू केली. मुलं मला मागून काय म्हणायची ते मला ठाऊक आहे. आजही माझ्याकडे पाहुणे आले तर आधी माझ्या भांड्यांत स्वतःचं तोंड बघतात.

तेव्हा संध्याकाळी जेवणं उरकली, आई आणि वहिनी प्रवासाने दमून आतल्या खोलीत आडव्या झाल्या, आणि मी मडकं सिंकमध्ये घेतलं. भांड्यांचा साबण, लिंबाची सालं, तारेची घासणी. पहिली घासणी संपली, दुसरी घेतली. काळं पाणी वाहायला लागलं तशी मला आणखी चेव आला. हाताला साबण चावत होता, बोटं चुरचुरत होती, पण मी हटले नाही. शेवटी खालचा लाल रंग निघाला. अख्खं मडकं कुंभाराच्या चाकावरून आत्ताच उतरल्यासारखं झालं. मी ते बाल्कनीत कुंडीशेजारी वाळत ठेवलं आणि स्वतःवर खूश होऊन झोपले. आई बघेल तेव्हा तिला किती आनंद होईल, हे मनात घोळवत.

सकाळी मी आंघोळ करून आले तोवर आईनं मडकं गोधडीत बांधून तयार ठेवलं होतं. मला जरा चुटपुट लागली, तिचा चेहरा बघायचा राहिला म्हणून. ती काही बोलली नाही. म्हटलं, घाईत लक्ष गेलं नसेल, तिथे उघडल्यावर बघेल. निघताना तिनं वहिनीला सांगितलं, "पीठ अजून घे. होतं तेवढं सगळं घे."

मैदानावर आमचा स्टॉल शेवटून तिसरा. एका बाजूला आग विझवायच्या वाळूच्या बादल्या, दुसऱ्या बाजूला पापड, आणि समोर लाकडी घाण्याच्या तेलाचा स्टॉल. तो दारव्ह्याच्या एका चाचांचा होता. पांढरी दाढी, जाड चष्मा, आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या तळहातावर ते जवसाच्या तेलाचा एक थेंब घालायचे. मी पाठीमागे कापडी फलक लावला, टेबलावर पांढरी चादर अंथरली, चादरीच्या सुरकुत्या काढल्या. वहिनीनं चूल पेटवली आणि गोधडीची गाठ सोडली.

"अवं माय!" ती ओरडली. "हे काय झालं?"

तिनं आधी मडक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी हसत होते. वहिनी हसत नव्हती.

"ठेव चुलीवर," आई म्हणाली. तेवढंच.

अकराच्या सुमाराला गर्दी झाली. मांडे टाकताना बघायला लोक नेहमीच थांबतात. आई पाटावर बसली, पदर खोचला, हात ओला करून पिठाचा गोळा उचलला. पीठ सुरेख झालं होतं, तार सुटत होती. गोळा या हातावरून त्या हातावर गेला, लांबला, कोपरापर्यंत आला, इतका पातळ की त्यातून पलीकडचा चाचांचा स्टॉल दिसत होता. लोक "वा" म्हणाले. तिनं तो मडक्यावर टाकला.

आणि तो चिकटला. भाजून सुटायच्या ऐवजी तो मडक्याच्या पाठीला असा धरून बसला की उलथण्याने काढताना चिंध्या झाल्या. दुसरा टाकला, तोही चिकटला. तिसरा टाकला आणि वाफेबरोबर सगळीकडे लिंबाच्या साबणाचा वास पसरला.

"मावशी, मांड्यावर लिंबू पिळला का?" गर्दीतून कोणीतरी म्हणालं आणि लोक हसले.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मडक्याच्या पाठीवरचं ते काळं म्हणजे मळ नव्हता. पन्नास वर्षांचं तेल आणि आच मुरून मुरून तयार झालेली ती साय होती, जिच्यावरून मांडा अलगद सुटायचा. बाजारात मिळणारी न चिकटणारी कढई मी जपून, मऊ स्पंजने धुते. आणि आईचं मडकं मी तारेनं घासलं होतं.

माझे कान तापले. नेमकं त्याच वेळी भोंग्यावरून निवेदक सांगायला लागला की खाद्यविभागात आता पारंपरिक मांड्यांचं प्रात्यक्षिक सुरू आहे, सगळ्यांनी लाभ घ्यावा. लोक आणखी आले. ती म्हणाली होती, नाही जमलं तर पुन्हा बसणार नाही, मडकं फोडेन. ती बोलते ते करते, हे मला पक्कं माहीत होतं. महिनाभर टॉवेल झेललेली ती बाई, आणि तिचा हा एकमेव डाव मी साबणाच्या पाण्यात घालवला होता.

खरं सांगायचं तर मला त्या काळ्या मडक्याची लाज वाटली होती. स्वच्छता वगैरे नंतरचं. शाळेत असताना एकदा स्नेहसंमेलनात मला बक्षीस होतं, आणि आई एका लग्नातून तशीच थेट शाळेत आली होती. कोपरापर्यंत काजळी, लुगड्याला धुराचा वास. मी तिला म्हटलं होतं, मागे बस. ती मागे बसली. मी बक्षीस घेतलं तेव्हा सगळ्यात जोरात टाळ्या मागूनच आल्या. हे मी कोणाला सांगितलेलं नाही; आईशीही त्यावर कधी बोलले नाही. त्या स्टॉलवर उभी असताना ते सगळं वर आलं.

मी वाकून तिच्या कानाशी म्हटलं, "आई, राहू दे. आपण बंद करू. मी सांगते लोकांना, तब्येत बरी नाही म्हणून."

"कोणाची?" ती म्हणाली.

"तुझी."

"मले काय धाड भरली? जाय, तेल आण. जवसाचं."

मी चाचांकडे पळाले. त्यांनी बाटली दिली आणि स्वतःही मागोमाग आले. चष्मा वर करून त्यांनी मडक्याकडे पाहिलं.

"अम्मा, ये मटका किसने धो डाला?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात आई म्हणाली, "मीच धुतलं, भाऊ. म्हातारपणी बुद्धी फिरली, दुसरं काय."

चाचा हसले. "अब आंच धीमी रखो. तेल पीने दो उसको."

"मले शिकवता काय?" आई म्हणाली, पण जाळ तिनं कमी केला.

मग तिनं जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. तिनं फडक्याचा बोळा तेलात बुडवून मडक्याच्या पाठीवर फिरवला. धूर होऊ दिला. परत फिरवला. मग मांडा टाकला. तो फाटणार हे तिला ठाऊक होतं, समोरच्या पन्नास जणांनाही ठाऊक होतं. तो फाटला. तिनं तो खरवडला, परत तेल, परत धूर, परत मांडा. आणि हे सगळं करताना ती लोकांशी बोलत होती, जणू ते सगळे तिच्या अंगणात आले होते.

"मडकं रुसलं हाय," ती सांगत होती. "थांबा थोडे. लग्नात नवरदेव रुसत नाई का? त्याले काढता का मांडवातून?"

लोक हसले, पण आता वेगळं हसले. एक बाई म्हणाली, "आजी, आमी थांबतो." वहिनीला मी कमी समजत होते. तिनं फाटलेल्या मांड्यांचे तुकडे परातीत घेतले, गूळ किसला, तूप घातलं, आणि चुरून मलिद्याचे छोटे लाडू वळायला लागली. थांबलेल्या प्रत्येकाच्या हातावर एक लाडू. पहिल्या मांड्यांना साबणाचा वास असणार म्हणून ते तुकडे तिनं बाजूला काढले होते, हे मी नंतर बघितलं. लाडू खायला मिळतो म्हटल्यावर गर्दी पांगायचं नावच घेईना.

मी काय केलं? मी तेल आणलं. परत आणलं. लाकडं सारली. खरवडलेलं उचललं. माझ्या पांढऱ्या चादरीवर काळे हात उमटत होते आणि मी काही म्हणाले नाही.

सात मांडे फाटले, दहा झाले, पंधरा झाले. सकाळी पीठ अजून घे असं ती का म्हणाली, हा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही. मडक्याची लाल पाठ आधी तपकिरी झाली, मग मधोमध एक काळसर टिळा धरला. आई त्या टिळ्याकडे डोळे बारीक करून बघत होती. मग तिनं एक मोठा गोळा उचलला, नेहमीपेक्षा मोठा. झेलला, लांबवला, दोन्ही कोपरांपर्यंत ओढला आणि टाकला. मांड्यावर बुडबुडे आले. कडा सुटली. आईनं बोटांनी कडेला धरलं, आणि अख्खा मांडा हवेत उचलला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. चाचांनी आपल्या स्टॉलवरूनच "माशाअल्लाह" म्हटलं. वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते धुरावर ढकललं. आईनं मांड्याची घडी घातली, ताटलीत ठेवली आणि म्हणाली, "पह्यला ज्यानं लिंबू इचारला त्याले द्या."

तो माणूस, धोतरवाला, चांगला आडदांड शेतकरी, लाजत पुढे आला. वांग्याच्या भाजीबरोबर त्यानं उभ्याउभ्या तो संपवला आणि परत रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.

त्यानंतर चारपर्यंत हात थांबला नाही. मधेच तो हॉटेलातला आचारी आला, या वेळी टोपीशिवाय. त्याच्या हॉटेलाने त्या वर्षी स्टॉल घेतला नव्हता, तो नुसताच फिरायला आला होता. आईनं त्याला ओळखलं. "इकडे ये," म्हणाली, "हात घाल पिठात. पाह्य, पाणी किती हाय ते." त्यानं बाह्या सारल्या आणि मुकाट्यानं हात घातला. मी त्याची नखं बघितली. सवय जात नाही. स्वच्छ होती.

साडेचारला पीठ संपलं. वहिनी भांडी आवरायला थांबली आणि आईला रस प्यायचा होता, म्हणून आम्ही दोघी जनावरांच्या गोठ्याजवळच्या उसाच्या चरख्यापाशी जाऊन बाकावर बसलो. ऊन उतरलं होतं. बैल धुवायला नेत होते. आईचे हात काळे होते, माझेही. ती पाय लांब करून बसली होती, गुडघे चोळत होती, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांपैकी दोनतीन जणांनी तिला हात जोडले तेव्हा तिनं मानेनं असं काही घेतलं की जणू हे रोजचंच आहे.

मला राहवेना. "आई, मडकं मी घासलं."

"माहीत हाय."

"चाचांसमोर तू अंगावर कशाला घेतलंस? आणि तुला कळलं कधी? उघडल्यावर?"

"सकायीच. तू आंघोळीले गेलती. बाल्कनीत पाह्यलं."

म्हणजे तिनं गोधडी बांधली तेव्हा तिला सगळं ठाऊक होतं. मांडे चिकटणार, लोक हसणार, हे ठाऊक असून ती पाटावर जाऊन बसली होती.

"मग मला बोलली काहून नाहीस?" मी म्हटलं. चिडले की मीही वऱ्हाडीवर येते. "गावाकडून दुसरं मागवलं असतं. उद्या बसलो असतो. तूच म्हणाली होतीस ना, एकच डाव?"

तिनं रसाचा घोट घेतला. ग्लास बाकावर ठेवला.

"सकायी उठली त तू झोपेल होती. हात उघडे होते तुह्ये. बोटायले साबणाचे चट्टे पडले होते, रगत यायचं बाकी. मंग मडकं पाह्यलं तवा म्हटलं, माह्या पोरीनं एवढं घासलं. तिले मले लोकायपुढे मिरवायचं हाय. पह्यल्यांदा. मंग मडक्यासाठी कायले थांबू?"

मी तशीच, दोन्ही हात काजळीने भरलेले असताना, रडायला लागले. लोक बघत होते तरी.

आईनं मला रडू दिलं. मग माझ्यासमोरचा ग्लास उचलला, बघितला, आणि म्हणाली, "तू पेत नाई का? गरम होऊन राह्यला." आणि माझाही रस तीच प्यायली.